लोणी बाजारात, ताक घरात

आयर्लंडच्या दक्षिणेला, ली नदीच्या दोन फाट्यांच्या बेचक्यात, कॉर्क हे शहर वसले आहे. नदी ओलांडून उत्तरेकडचा चढ चढू लागले की शॅन्डन हा जुना भाग लागतो. तेथील सेंट ॲन चर्चच्या मनोऱ्याच्या दोन बाजू तांबड्या वालुकाश्माच्या आणि दोन पांढऱ्या चुनखडीच्या आहेत. चारही बाजूंना घड्याळे आहेत. परंतु तासाचा ठोका सोडला तर त्यांची वेळ एकमेकांशी क्वचितच जुळते. म्हणून गावकऱ्यांनी त्या मनोऱ्याला ‘चार तोंडांचा लबाड’ असे नाव देऊन टाकले आहे. प्रवासी येथे येतात ते मनोऱ्यावर चढून घंटा वाजवण्यासाठी. व्यापारी घराण्यातील माणसाने मात्र मनोरा उतरल्यावर त्याच्या पायथ्याशी थोडे रेंगाळावे. समोर खांबांच्या दर्शनी भागाची जी इमारत दिसते, तो कॉर्कचा जुना लोणीबाजार. आणि शेजारची गोलाकार वास्तू ‘फर्किन क्रेन’. फर्किन म्हणजे लोण्याचे लाकडी पिंप. १८५५ साली बांधलेल्या त्या वास्तूत आज नृत्याची केंद्रशाळा भरते. बाजाराच्या आवारातच लोण्याचे एक छोटे संग्रहालय आहे.

एकोणिसाव्या शतकात जगातील सर्वांत मोठा लोणीबाजार म्हणून या जागेची ख्याती होती. १७६९-७० च्या सुमारास कॉर्कच्या व्यापाऱ्यांनी आपली समिती स्थापन केली आणि एक कडक शिस्त घालून घेतली. बाजारात आलेले प्रत्येक पिंप पारखी तपासत. लांब पोकळ सळई पिंपात खोलवर खुपसून तळापर्यंतचे लोणी बाहेर काढले जाई. वर चांगले आणि खाली खराब, ही युक्ती तेथे चालत नसे. मग वास, रंग, मीठ पाहून प्रत ठरे आणि पिंपावर छाप उमटे. त्या छापावर विश्वास ठेवून दूरदूरचे व्यापारी माल न पाहता सौदे करीत. वेस्ट इंडीजची बेटे, पोर्तुगाल, ब्राझील, ब्रिटिश नौदलाच्या गलबतांची कोठारे, अशा उष्ण आणि लांबच्या ठिकाणी हे भरपूर खारवलेले लोणी टिकून राही. मालापेक्षा छापाला किंमत असते, हे पेढीवर बसणाऱ्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

हे लोणी येई कोठून? केरी आणि कॉर्क या परगण्यांतील डोंगराळ, सतत ओल्या, हिरव्यागार कुरणांतून. अठराव्या शतकाच्या मध्यावर केरीहून कॉर्ककडे थेट रस्ता काढण्यात आला. अशा रस्त्यांना आजही ‘लोण्याचे रस्ते’ म्हणतात. घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना एकेक पिंप लटकवून शेतकरी रात्रीचेच निघत. घोड्यांमागून पुढे गाड्या आल्या, पण क्रम तोच राहिला. जाताना लोणी, येताना हातात रोख पैसा आणि घरासाठी थोडे सामान.

त्या पैशाचा मोठा वाटा जमीनदाराच्या खंडात जाई. दूध काढणे, साय विरजणे, घुसळणे, लोणी धुऊन त्यात मीठ मळणे हे सारे काम घरातील स्त्रियांचे. पण लोणी घरी खाल्ले जाई ते फार थोडे. ज्या घरातून वर्षाकाठी कित्येक पिंपे बाजारात जात, त्या घरातील मुलांच्या ताटात बटाटे असत आणि पेल्यात ताक. लोणी विकण्यासाठी, ताक खाण्यासाठी, अशी ही सरळ वाटणी होती. आयर्लंडची सोडा-भाकर, म्हणजे ज्याला जग ‘आयरिश सोडा ब्रेड’ म्हणून ओळखते तो पाव, या उरलेल्या ताकातून जन्माला आला.

त्याचे वय मात्र फार नाही. खाण्याचा सोडा स्वस्त होऊन सामान्य माणसाच्या आवाक्यात आला तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. फ्रान्समध्ये निकोला लब्लांक याने १७९१ मध्ये मिठापासून सोडा तयार करण्याच्या पद्धतीचे हक्क घेतले, पुढे इंग्लंडात त्याचे कारखाने निघाले, आणि १८३०-४० पर्यंत ही पांढरी पूड गावोगावच्या वाण्याकडे दिसू लागली. १८३६ मध्ये लंडनच्या एका शेतकी मासिकाने उत्तर आयर्लंडातील न्यूरी गावच्या वृत्तपत्राचा हवाला देऊन या पावाची कृती छापली. त्यात गव्हाचे जाडसर पीठ, मीठ, सोडा आणि चांगले आंबट ताक एवढेच पदार्थ आहेत. यीस्ट नाही, साखर नाही, अंडे नाही. कणीक हाताला जेमतेम आवरेल इतकी सैल असावी, हेही त्यात सांगितले आहे, आणि आजची जाणती गृहिणीही तेच सांगते.

यीस्टचा पाव आयर्लंडच्या खेड्यात का रुजला नाही, याचे उत्तर हवेत आहे. तेथील हवा सौम्य आणि पावसाळी. कडक उन्हाळा असा नाहीच. अशा हवेत पिकणारा गहू मऊ असतो, त्याच्या पिठाला ताण कमी. यीस्टने पाव फुगवायचा तर पिठाला रबरासारखा ताण हवा, तासन्‌तास फुगणारा वायू धरून ठेवण्याची ताकद हवी. ती या पिठात नाही. सोड्याचे काम निराळे आहे. ताकातील आंबटपणा सोड्याला भेटला की क्षणात वायू सुटतो आणि विस्तवावर जाताच तो पिठाला आतून उचलून धरतो. मऊ पिठाला एवढे पुरते. त्यामुळे दुबळ्या गव्हाचा दोषच या पावाच्या पथ्यावर पडला.

भट्टीही नव्हती. गरीब कुळाच्या घरात एकच खोली, तिच्या एका भिंतीशी उघडी चूल. सरपण म्हणजे टर्फ. दलदलीत हजारो वर्षे साचून घट्ट झालेल्या वनस्पतींचा थर विटांसारखा कापून काढतात आणि उन्हा-वाऱ्यात वाळवतात. त्याला टर्फ म्हणतात. टर्फचा धूर गोडसर वासाचा असतो, आणि एकदा त्या चुलीजवळ बसलेल्या माणसाला तो वास पुढे कोठेही ओळखता येतो. रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवायचे आणि पहाटे राख बाजूला सारून पुन्हा फुलवायचे. चूल विझू द्यायची नाही, असा दंडक होता. त्या चुलीवर लोखंडी कडीला एक जाड, तीन पायांचे, सपाट बुडाचे ओतीव लोखंडाचे भांडे टांगलेले असे. त्याचे नाव बॅस्टिबल. भांड्यात पाव ठेवायचा, झाकण लावायचे आणि चिमट्याने पेटते निखारे झाकणावर रचायचे. खालून धग, वरून धग, झाली भट्टी. आपल्याकडेही पातेल्यावर झाकण घालून, वर निखारे ठेवून पदार्थ शिजवण्याची रीत जुन्या घरांत होती. दोन अगदी वेगळ्या देशांतील बायका एकाच अडचणीतून एकाच उपायापर्यंत पोचल्या.

उत्तरेकडे, अल्स्टर प्रांतात, भांड्याऐवजी सपाट तवा वापरत. तेथे पीठ गोल थापून त्याचे चार भाग करतात आणि दोन्ही अंगांनी तव्यावर भाजतात. या चतकोरांना ‘फार्ल’ म्हणतात. शब्दाचा अर्थच ‘चौथा भाग’. पिठाने हलकेच माखलेला, दोन्हीकडे किंचित डागलेला, मधून उकलून खाण्याचा हा फार्ल पाहिला की मराठी माणसाला भाकरी आठवल्याशिवाय राहत नाही. दक्षिणेत मात्र पाव गोल आणि जाड, आणि त्याला तेथील वृद्ध मंडळी सरळ ‘केक’ म्हणतात. परगावचा पाहुणा केक म्हटल्यावर काही गोड येईल म्हणून वाट पाहतो आणि समोर येतो हा भाकरीचा थोरला भाऊ.

दक्षिणेतील पावावर खोल फुली मारलेली असते. ही फुली कशासाठी, यावर तेथे हौसेने वाद चालतो. कोणी म्हणतात, घरावर देवाची कृपा राहावी म्हणून; कोणी म्हणतात, आतल्या पऱ्यांना बाहेर पडायला वाट हवी म्हणून, नाहीतर त्या पाव बिघडवतात. पऱ्यांची गोष्ट गोड आहे. तरी चाकू दीड बोट खोल गेला नाही तर पावाचा मधला भाग कच्चा राहतो, हे खरे कारण असावे. चार सारखे वाटे पडतात, ही आणखी एक सोय.

१८४५ साली बटाट्यावर रोग पडला आणि पुढची काही वर्षे तो परत परत येत राहिला. आयर्लंडचा हा महादुष्काळ. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि साथींनी गेली, जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. त्या वर्षांतही देशाबाहेर जाणारे धान्य आणि लोणी थांबले नव्हते. शॅन्डनच्या बाजारात पिंपांवर छाप पडतच होते. बाजार चोख होता, माप खरे होते, सौदा कायदेशीर होता, आणि पिंप भरणारे घर उपाशी होते. हिशेबाच्या वहीत या गोष्टीसाठी रकाना नसतो. दुष्काळानंतर एका बटाट्यावर विसंबून राहण्याची हिंमत लोकांना उरली नाही. पीठ विकत आणून घरी पाव भाजणे वाढले, बाहेरून येणारे पीठ स्वस्त होत गेले, आणि शतक सरता सरता सोड्याचा पाव घरोघरचा रोजचा झाला. तो तेथील अतिप्राचीन वारसा आहे असे जाहिरातीत लिहितात, ते ऐतिहासिक अर्थाने खरे नाही. पण चार-पाच पिढ्यांनी रोज केलेल्या गोष्टीला वारसा म्हणायला आणखी काय हवे?

लोण्याच्या बाजाराचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे, कारण पावाचे नशीब त्याच्याशी बांधलेले होते. १८७० नंतर इंग्लंडच्या गिऱ्हाइकाची जीभ बदलली. त्याला कमी खारट, ताजे, रोज एकाच चवीचे लोणी हवे होते. डेन्मार्कने ते दिले. त्यातच मार्गारिन नावाचा स्वस्त प्रतिस्पर्धी आला. कॉर्कच्या समितीला आपल्या जुन्या छापाचा अभिमान होता. ज्या शिस्तीने नाव मिळवून दिले, तीच शिस्त बदलायला ती तयार होईना. बाजार झिजत गेला आणि १९२४ मध्ये बंद झाला.

दरम्यान गावांत वेगळेच घडत होते. स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल याने १८७८ मध्ये दुधातून साय झटपट वेगळी करणारे फिरते यंत्र काढले. ते यंत्र एका घराला परवडणारे नव्हते. ते गावाने मिळून घ्यायचे. होरेस प्लंकेट या जमीनदार घराण्यातील सुधारकाने सहकाराचा मार्ग दाखवला आणि १८८९ मध्ये लिमरिक परगण्यातील ड्रमकॉलहर येथे पहिली सहकारी क्रीमरी उभी राहिली. रोज सकाळी दुधाच्या किटल्या लादलेल्या गाढवगाड्यांची रांग क्रीमरीपुढे लागू लागली. लोणी सुधारले, भाव सुधारला. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे चित्र अनोळखी नाही.

परंतु क्रीमरीतून घरी परत येई ते यंत्रातून निघालेले साय नसलेले गोडे दूध, वासरांसाठी. घरातले घुसळणे थांबले तसे घरातले ताकही आटले. आणि लोण्याचे जे दोन पैसे बाईच्या हातात येत, ते आता क्रीमरीच्या खात्यावरून घरधन्याच्या नावाने येऊ लागले. तिच्याकडे कोंबड्यांची अंडी उरली. ती वाण्याकडे देऊन ती चहा, साखर आणि पावासाठी सोडा आणी. या बदलाची बाजू प्लंकेटच्या चळवळीच्या गौरवात सहसा लिहिलेली नसते. ताकाशिवाय पाव कसा करायचा? कोणी पाव करण्यापुरती एखादी गाय घरी राखून घुसळणे चालू ठेवले, कोणी दूध आंबू दिले. काही घरांत दुधाला आंबवणारे विरजण जपले जाई. त्याला ‘ताकाचे रोप’ म्हणत आणि ते एका शेजारणीकडून दुसरीकडे जाई. पाव टिकला तो अशा खटपटींमुळे.

१९४६ पासून खेड्यांत वीज पोचू लागली. विजेच्या शेगड्या आल्या, बॅस्टिबल अंगणात गेले आणि त्यात फुलझाडे लागली. दुकानातून कापलेला, वेष्टनातला पांढरा पाव आला. शहरात नोकरीला गेलेल्या मुलांना आईचा सोड्याचा पाव खेडवळ वाटू लागला. तो पुन्हा मानाने जेवणाच्या मेजावर आला, याचे श्रेय बऱ्याच अंशी कॉर्कजवळच्या बॅलीमलू येथील मर्टल ॲलन यांना दिले जाते. १९६४ मध्ये त्यांनी आपल्या शेतघरातच भोजनगृह सुरू केले आणि परदेशी पाककृतींच्या मागे न लागता परिसरात जे पिकते तेच पानात वाढले. त्यांच्या सूनबाई डॅरिना ॲलन यांनी १९८३ मध्ये तेथे पाकशाळा काढली. आज केरीतील मक्रॉसच्या जुन्या शेतवाड्यांत, क्लेअरमधील बनरॅटीच्या लोकग्रामात आणि बेलफास्टजवळच्या अल्स्टर लोकसंग्रहालयात जुन्या चुली पेटत्या ठेवल्या आहेत. तेथे निखाऱ्यांवर भाजलेला पाव प्रवाशांच्या हातावर ठेवतात.

आपल्यापैकी कोणी त्या देशात जाईल, तर एक-दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मूळ पावात यीस्ट आणि अंडे नसते, तो रातभर आंबवलेला नसतो, आणि त्याच दिवशी करून त्याच दिवशी खायचा असतो. आपल्या घरांत ज्या गोष्टी पाहिल्या जातात त्यांतील बऱ्याच येथे आपोआप सांभाळल्या जातात. पण नावावर जाऊ नये. उपाहारगृहांतील तपकिरी पावात, आणि विशेषतः स्कोन या छोट्या गोड पावात, अंडे घालण्याची पद्धत आहे. विचारल्यास ते स्पष्ट सांगतात. अमेरिकेत मार्च महिन्यात सेंट पॅट्रिकच्या सणाला मनुका आणि साखर घालून जो पाव करतात, त्यातही बहुधा अंडे असते. उत्तरेत न्याहारीच्या ताटलीत सोड्याच्या फार्लशेजारी अगदी तसाच दिसणारा दुसरा चतकोर येतो, तो बटाट्याचा. शिवाय ती न्याहारी मांसाच्या चरबीत परतलेली असू शकते, म्हणून फार्ल कोरडा मागावा. हिवाळ्यात तेथे साडेचारच्या आतच सूर्य मावळतो आणि जूनमध्ये दहा वाजत आले तरी उजेड असतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्याने महिना पाहूनच दिवसाची आखणी करावी.

घरी करायचा तर साडेचारशे ग्रॅम पीठ घ्यावे. आपले चपातीचे पीठ कडक गव्हाचे आणि बारीक दळलेले असल्याने निम्मा मैदा मिसळलेला बरा. त्यात एक सपाट चमचा खाण्याचा सोडा आणि एक चमचा मीठ घालून दोनदा चाळावे. सोड्याची गुठळी राहिली तर त्या जागी हिरवट-पिवळा डाग पडतो आणि चव साबणासारखी लागते. आपले ताक पातळ असते. येथे दाट, पाणी न घातलेले, आंबट पण ताजे ताक हवे, साधारण साडेतीनशे ते चारशे मिलिलिटर. मध्ये आळे करून ते एकदम ओतावे आणि बोटे ताठ पसरून मधून कडेकडे गोल फिरवावीत. मळू नये. भाकरीचे पीठ रगडण्याची सवय असलेल्या हाताला हे फार जड जाते, पण मळले की पाव दगड होतो. गोळा दीड इंच उंचीचा थापून, फुली मारून, लगेच भट्टीत घालावा. ताक आणि सोडा भेटल्यानंतरची दहा मिनिटे गप्पांत गेली तर वायू उडून जातो. आधी २३० अंशांवर पंधरा मिनिटे, मग २०० वर साधारण अर्धा तास. उलटा करून बुडावर टिचकी मारावी. पोकळ आवाज आला म्हणजे झाला. वरचा पापुद्रा मऊ हवा असेल तर स्वच्छ पंचात गुंडाळून ठेवावा.

सारे मिळून एक तास. चार वाजता पीठ चाळले तर पाच वाजता पाव पानात येतो. आयर्लंडमध्ये त्याच्यावर लोण्याचा जाड थर देतात; जेथे लोणी वर्ज्य आहे तेथे साजूक तूप आणि वर गुळाचा किस चांगला लागतो. दुसऱ्या दिवशी तो कोरडा पडतो, म्हणून माणसे मोजूनच करावा.